चित्राखालची ओळ : जुन्या विनोदी मासिकांतल्या शीर्षक-स्पर्धांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आम्ही काही जण जुने दिवाळी अंक आणि विनोदी मासिकं गोळा करतो. अधूनमधून एखादं जुनं व्यंगचित्र खालची ओळ झाकून लोकांपुढे ठेवतो आणि म्हणतो, सुचवा काहीतरी. चाळीसगावपासून शहाद्यापर्यंतची माणसं ओळी पाठवतात आणि सोबत प्रश्नही. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

शीर्षक-स्पर्धा म्हणजे नेमकं काय?

मासिक एक चित्र छापतं आणि खालची जागा कोरी ठेवतं. वाचकांनी त्या जागेसाठी ओळ पाठवायची. संपादकाला सगळ्यात पसंत पडलेली ओळ पुढच्या एखाद्या अंकात पाठवणाऱ्याच्या नाव-गावासकट छापून येते. बक्षीस बहुधा नावापुरतंच असतं. कुठे चित्राला दोन-तीन शब्दांचं नाव हवं असतं, तर कुठे चित्रातल्या माणसाच्या तोंडी घालायचं वाक्य. हे दोन वेगळे खेळ आहेत आणि निम्म्या प्रवेशिका इथेच बाद होतात. चित्रात कुणाचं तोंड उघडं दिसत असेल, तर त्याला बोलायचं आहे हे उघड असतं. तिथे 'संसाराची गंमत' असं भारदस्त नाव पाठवून उपयोग नाही.

हे सुरू कुठे झालं?

पहिला मान कुणाचा, या भांडणात आम्ही पडत नाही. पण ही जागा वाचकाला भरायला देता येईल इतकी लहान कशी झाली, हे पाहण्यासारखं आहे. लंडनचं विनोदी साप्ताहिक 'पंच' १८४१ साली निघालं. त्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांखाली एखाद्या छोट्या नाट्यप्रवेशाएवढा मजकूर असे : वर शीर्षक, मग पात्राचं नाव, कंसात त्याचा भाव, मग संवाद, मग उत्तर. जॉर्ज द्यू मोरिए यांचं १८९५ मधलं प्रसिद्ध चित्र घ्या. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेल्या गरीब पाद्र्याच्या पुढ्यात नासकं अंडं आलंय. यजमानानं तसं म्हटल्यावर तो घाईनं सांगतो की छे छे, याचे काही भाग तर उत्तमच आहेत. विनोद फक्कड आहे, पण संवाद काढला तर चित्रात उरतं काय? न्याहारी करणारी माणसं.

पुढे अमेरिकेत ही ओळ आखडत गेली. १८८१ साली निघालेल्या 'जज' साप्ताहिकात १९२० च्या दशकात 'फिफ्टी-फिफ्टी' नावाची स्पर्धा असे. चित्रातल्या एकाचं वाक्य मासिक देई आणि दुसऱ्याचं उत्तर वाचकानं लिहायचं, म्हणजे निम्मं काम तुमचं. काही काळ 'जज'च्या संपादनात असलेल्या हॅरॉल्ड रॉस यांनी १९२५ मध्ये 'न्यू यॉर्कर' काढलं आणि तिथे एकाच माणसाचं एकच वाक्य ही पद्धत पक्की बसली. तिथे चित्र एकाचं आणि ओळ दुसऱ्याची असंही सर्रास चाले. १९२८ मधलं एक गाजलेलं चित्र आहे. आई मुलीला सांगते ही ब्रोकोली आहे, आणि मुलगी म्हणते मला तर हा पालकच वाटतो, आणि खड्ड्यात गेला तो पालक. चित्र कार्ल रोझ यांचं, शब्द ई. बी. व्हाइट यांचे. शीर्षक-स्पर्धा म्हणजे कार्यालयात चालणारं हेच काम वाचकांसाठी खुलं करणं. 'न्यू यॉर्कर'नं ते रीतसर केलं बरंच नंतर : आधी वर्षातून एकदा, आणि २००५ पासून दर आठवड्याला.

'पंच'नं उतारवयात एक झकास उलटा खेळ काढला होता. स्वतःचीच जुनी चित्रं नव्या ओळीसाठी वाचकांपुढे ठेवायची आणि निकालाच्या वेळी मूळची लांबलचक ओळही शेजारी छापायची. बऱ्याचदा वाचकांचीच ओळ सरस ठरे. आमचा खेळ थोडाफार त्याच धर्तीवर चालतो.

आणि मराठीत?

मराठीत विनोदी चित्राची जागा आधी सर्वसाधारण मासिकांत तयार झाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचं 'मनोरंजन' १८९५ चं, आणि दिवाळी अंकाची प्रथाही त्यांचीच, १९०९ पासून. 'किर्लोस्कर' १९२० मध्ये निघालं. त्याचे संपादक शंकरराव स्वतः चित्रकार असल्यानं तिथे व्यंगचित्राला ऐसपैस जागा मिळाली. खास विनोदाचा जोर आला तो स्वातंत्र्याच्या आगेमागे : अनंत अंतरकरांचं 'हंस' १९४६ चं, त्यामागून 'मोहिनी' आणि 'नवल', मधुकर पाटकरांचा 'आवाज' १९५१ पासून, आणि १९६० मध्ये ठाकरे बंधूंचं 'मार्मिक'.

'आवाज'च्या खिडक्या इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. पानाला खिडकी कापलेली. बंद असताना काहीतरी भलतंच दिसतंय असं वाटायचं, उघडली की अगदी सोवळं निघायचं. शीर्षक-स्पर्धेशी तिचा थेट संबंध नाही, पण वाचकानं मनात काहीतरी पूर्ण करायचं आणि चित्रानं त्याला तोंडघशी पाडायचं, ही करामत एकाच जातीची आहे. आजही कुणाच्या माळ्यावरून जुना 'आवाज' निघाला की पहिल्यांदा खिडक्याच तपासल्या जातात. त्या फाटलेल्या असतात. उघडून उघडून.

आम्हाला तर लहानपणी 'चांदोबा'तली स्पर्धा आठवते. ती यात धरायची का?

धरायचीच. 'चांदोबा' विनोदी मासिक नव्हतं, पण खानदेशातल्या दोन पिढ्यांनी चित्राखाली ओळ लिहायचा सराव तिथेच केला. मद्रासहून निघणारं 'चंदामामा' १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, मराठी 'चांदोबा' १९५२ मध्ये आला. त्यात दर महिन्याला दोन फोटो असत आणि दोन्हींना मिळून जोडीची नावं द्यायची असत. दोन-तीन शब्द, एकमेकांशी नातं सांगणारे. जुन्या अंकांत बक्षीस दहा रुपये दिसतं. निकाल दोनेक महिन्यांनी यायचा, म्हणजे आपण काय पाठवलं होतं तेही पोरं विसरून गेलेली असायची.

या जोडीमुळे एक चांगली आणि एक वाईट सवय लागली. चांगली ही की एका ओळीचा तोल दुसरीनं सांभाळायचा असतो हे लहानपणीच कळलं. वाईट ही की यमक जुळलं म्हणजे जमलं असं वाटू लागलं. पहिल्या फोटोत रडणारं बाळ, दुसऱ्यात हसणारं, की झालंच 'रुसवा' आणि 'फसवा'. साठीच्या पुढचे आमचे स्पर्धक आजही यमकात अडकतात. त्यांच्या ओळी वाचल्या की 'चांदोबा'चे वाचक लगेच ओळखू येतात.

प्रवेशिका पोस्टकार्डावरच का मागवत?

कारण पोस्टकार्ड उघडावं लागत नाही. हजारभर पाकिटं फोडायची म्हणजे एक माणूस त्यातच जुंपला. कार्डांची मात्र गठ्ठ्यात चाळणी होते : मागच्या बाजूची ओळ दिसली, हा ढीग किंवा तो. शिवाय कार्ड स्वस्त. आपल्याकडे ते १८७९ पासून आहे, तेव्हा पाव आण्याला मिळायचं. आणि जागा थोडी असल्यानं माणूस आपोआप थोडक्यात लिहितो. संपादकाच्या दृष्टीनं हा फायदा सगळ्यात मोठा असावा, असं आमचं मत.

पुढे प्रेक्षकांना प्रश्न विचारणाऱ्या दूरदर्शनच्या 'सुरभी' कार्यक्रमानं याचा कडेलोट केला. उत्तरांच्या कार्डांचा एवढा पूर आला की टपाल खात्यानं स्पर्धांसाठी वेगळं, महागडं पोस्टकार्ड काढलं. साधं कार्ड पंधरा पैशांना मिळत होतं आणि हे दोन रुपयांना. हौसेला मोल नसतं हे खात्यानं बरोबर ओळखलं होतं.

खानदेशातल्या वाचकाला या स्पर्धा जड जायच्या का?

थोड्या जायच्या. अंक पुण्या-मुंबईत छापला जाई. भुसावळसारख्या जंक्शनवर तो रेल्वेच्या स्टॉलवर लवकर दिसे, पण तिथून पारोळा, साक्री, तळोद्यापर्यंत पोहोचेतो मुदतीचे निम्मे दिवस गेलेले असत. त्यातून अंक विकत घेणारे कमी आणि वाचनालयात वाचणारे जास्त. वाचनालयाचा अंक आधी पोटवर्गणीदारांकडे फिरणार, मग तुमच्या हाती येणार.

आणि कूपन. कित्येक स्पर्धांना अंकातलं कूपन कापून चिकटवावं लागे. वाचनालयातला अंक आपल्या हाती येईपर्यंत ते कूपन गेलेलं असे. जुने अंक चाळताना हे भोक हटकून भेटतं. कात्रीनं नीट कापलेलं असेल तर माणूस घरी घेऊन गेलेला. कडा फाटक्या असतील तर तिथेच बसून, ग्रंथपालाची पाठ फिरल्यावर, नखानं काढलेलं. आमच्याकडे एका अंकात कूपनाच्या बरोबर मागे एका कथेचा शेवटचा परिच्छेद होता. त्या कथेतल्या नायिकेनं शेवटी होकार दिला की नकार, हे त्या वाचनालयाच्या एकाही सभासदाला कळलेलं नसणार.

नाव छापून आलं तर मोठी गोष्ट असायची का?

नावापेक्षा गाव छापून आलेलं मोठं. पुण्याच्या मासिकात 'मु. पो. बहादरपूर' दिसलं की तो अंक चावडीपासून पाणवठ्यापर्यंत फिरायचा. बक्षिसाची मनिऑर्डर आली की पोस्टमनला चहा ठरलेला. म्हणजे बक्षीस पाच रुपयांचं असलं, तरी त्यातून उरायचं किती ते विचारू नका.

पूर्वी शब्दकोड्यांवर हजारोंची बक्षिसं असायची म्हणतात. ही स्पर्धा त्यातलीच का?

नाही, आणि हा फरक कायद्यानंही केला आहे. स्वातंत्र्याच्या आसपास शब्दरंजन स्पर्धांचं पेव फुटलं होतं. प्रवेश फी भरायची, चौकटी भरायच्या, आणि उत्तर आयोजकाकडच्या सीलबंद पाकिटातल्या उत्तराशी जुळलं तर घबाड. एकाच चौकटीत 'मान' बसतो, 'दान' बसतो आणि 'पान'ही बसतं, त्यातलं पाकिटात काय हे देव जाणे. लोक एकाच कोड्याच्या शेकडो प्रती वेगवेगळी अक्षरं घालून पाठवत. हा सरळसरळ आकड्याचा जुगारच झाला. १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्यानं अशा स्पर्धांना लगाम घातला : महिन्याला एक हजार रुपयांवरच्या बक्षिसांना बंदी आणि त्याखालच्यांना परवाना. १९५७ मध्ये चमारबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे, कौशल्यावर चालणाऱ्यांना नाही.

शीर्षक-स्पर्धेत सीलबंद उत्तर नसतं आणि सहसा फीही नसते. परीक्षकाची मर्जी लागते, पण मर्जी म्हणजे फासा नव्हे. तरीही घरातल्या जुन्या माणसांना 'स्पर्धा' म्हटलं की अजून संशय येतो. त्यामागे कुणाचीतरी शब्दरंजनात गेलेली पुंजी असते.

चांगली ओळ कशी ओळखायची? तुम्ही निवडता कशावरून?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बऱ्याचदा जरा रागानंच विचारलेला. म्हणून नीट सांगतो.

समजा चित्र असं आहे. शहरातल्या फ्लॅटचा दिवाणखाना. सोफ्यावर नवरा, हातात पेपर. त्याच्या शेजारी सोफ्यावरच एक अख्खी म्हैस बसली आहे, पुढचे पाय जुळवून, अगदी पाहुण्यासारखी अवघडून. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी, हातात तीन कपांचा ट्रे, तोंड किंचित उघडं.

'सोफ्यावर म्हैस!' अशा ओळी ढिगानं येतात. ते आम्हालाही दिसतंय. 'अहो, ही म्हैस घरात कुणी घेतली?' ही त्याहून वाईट, कारण चित्रातल्या कुणालाच आश्चर्य वाटलेलं नाही. नवरा शांत आहे, म्हैससुद्धा शांत आहे, आणि तुम्ही बाहेरून आरडाओरडा करताय. 'अक्कल मोठी की म्हैस?' ही तर जगातल्या कुठल्याही म्हशीच्या चित्राखाली चालेल, म्हणून याखाली चालणार नाही. ती दर तिसऱ्या माणसाकडून येते हे वेगळंच. काही जण नवऱ्याच्या तोंडी वाक्य घालतात. पण त्याचं तोंड पेपरमागे आहे, बोलतेय ती बायको.

आता ही ओळ बघा : 'दूध संपलंय. तुम्ही विचारता की मी विचारू?'

यात म्हैस हा शब्दच नाही. बायकोनं म्हशीचं पाहुणेपण पूर्ण मान्य केलं आहे. तिची अडचण एवढीच की पाहुण्याकडे मागायचं कसं. आपल्या घरांतला हा संकोच खरा आहे, शेजारणीकडून वाटीभर साखर आणतानाही तो वाटतो. चित्रातले तीन कप तोवर नुसते पडून होते, या ओळीनं त्यांनाही कामाला लावलं. आणि चित्र हातानं झाकून ओळ वाचा. स्वयंपाकघरातलं रोजचं वाक्य, त्यात हसण्यासारखं काही नाही. आमची कसोटी हीच : चित्राशिवाय हसू येणारी ओळ म्हणजे चुटका, आणि चुटक्याला चित्राची गरज नसते.

मग काटछाट. 'तुम्ही विचारता का तिला' असं लिहिलंत तर 'तिला' हा एक शब्द म्हशीकडे बोट दाखवतो आणि सगळं मुसळ केरात. सुरुवातीचा 'अहो' नको, बायको आहे हे दिसतंय. शेवटी तीन उद्गारचिन्हं तर बिलकुल नकोत. ओळ जितक्या साध्या आवाजात म्हटली जाईल, तितकी म्हैस मोठी दिसते.

अहिराणीत पाठवली तर चालेल?

चालेल, चित्रातल्या माणसाच्या तोंडात शोभत असेल तर. वरचीच ओळ घ्या : 'दूध सरनं. तुम्ही इचारतस का मी इचारू?' आता ते जोडपं धुळ्याकडून शहरात राहायला गेलेलं झालं, आणि म्हैस बहुधा गावाकडची, ओळखीची. एका वाक्यानं चित्राला माहेर मिळालं. मात्र नुसतं हसू यावं म्हणून अहिराणी घालणं आम्हाला खपत नाही. सिनेमा-नाटकांत गड्याच्या तोंडी बोली द्यायची आणि तिच्यावरच हसायचं, ही जुनी खोड आहे. अहिराणीत बोलणारा माणूस चित्रातला सगळ्यात शहाणा असला, तर आम्ही ती ओळ आधी वाचतो.

शि. द. फडणीसांच्या चित्रांना ओळ सुचवायला का देत नाही?

कारण त्यांना ती लागत नाही. फडणीसांनी शब्दांशिवायचं हास्यचित्र मराठी घराघरांत नेलं. 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावरचं ते चित्र अनेकांना आठवत असेल : तरुणीच्या साडीवर मांजरं, तरुणाच्या शर्टावर उंदीर. त्याखाली काय लिहिणार? जे लिहाल ते वरच सांगून झालेलं आहे. स्पर्धेसाठी अर्धवट चित्र लागतं, ज्यात गोंधळ आहे पण त्याचं कारण नाही. पूर्ण झालेल्या चित्राखाली ओळ घालणं म्हणजे शेवभाजीवर साखर पेरणं.

दोघांची ओळ सारखीच आली तर?

येतेच. पहिल्या झटक्यात सुचलेली ओळ पन्नास जणांना सुचलेली असते. पूर्वीची मासिकं आधी पोहोचलेल्या कार्डाला मान देत किंवा बक्षीस वाटून टाकत, आणि खाली ते ठरलेलं वाक्य असे : संपादकांचा निर्णय अंतिम राहील. आम्ही सारख्या ओळी सगळ्याच बाजूला ठेवतो. कठोर वाटेल, पण त्यामुळे लोक दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत जातात आणि मजा तिथेच सुरू होते.

जुन्या चित्रांत बायको लाटणं घेऊन उभी, सासू डोळे वटारून, नोकर बावळट. हे आज द्यावं का?

तशी चित्रं आमच्या गठ्ठ्यात पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच कंटाळवाणी आहेत. लाटण्याची चित्रं आम्ही मुद्दाम एकदा दिली होती. अट एकच, बोलायचं बायकोनं. नवऱ्याच्या बाजूनं शंभर वर्षं बोलून झालंय. तेव्हा आलेल्या ओळी मूळच्यांपेक्षा कितीतरी चांगल्या होत्या, आणि पाठवणाऱ्यांत बायका जास्त होत्या. जातीवर, रंगावर, व्यंगावर उभं असलेलं चित्र आम्ही देत नाही. त्याला कुठलीही ओळ वाचवू शकत नाही.

किती वेळा पाठवावं? आमची ओळ कधीच लागत नाही.

सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 'न्यू यॉर्कर'च्या स्पर्धेत १०७ वेळा ओळी पाठवल्या, तेव्हा २०११ मध्ये त्यांचा नंबर लागला. आयुष्यभर लेखणीवर जगलेला माणूस, पुलित्झर मिळालेला. तुम्ही अजून पाठवत राहा, जिभाऊ.

संगणकाकडून ओळ लिहून घेतली तर कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. गुळगुळीत असते आणि चित्रात काय आहे ते आधी सांगून घेते. 'न्यू यॉर्कर'च्या स्पर्धेतला मजकूर वापरून २०२३ मध्ये एक अभ्यास झाला. कुठली ओळ कुठल्या चित्राची, एवढं जुळवण्यातसुद्धा तेव्हाची सर्वांत चांगली यंत्रं माणसांपेक्षा तीस टक्के गुणांनी मागे होती. यंत्रं त्यानंतर सुधारली असतील. आमचा आक्षेप वेगळाच आहे : बक्षीस म्हणून आम्ही जुना दिवाळी अंक देतो, तो संगणक वाचणार आहे का?

जुने अंक खानदेशात कुठे बघायला मिळतील?

जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय ही पहिली ठिकाणं. जाण्याआधी फोन करून जुने बांधीव खंड बघायला मिळतील का ते विचारा, कारण दिवाळी अंक बांधून ठेवायची पद्धत सगळीकडे नव्हती. खरा साठा घरांत आहे. निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावर, वाण्याच्या दुकानामागे, आणि दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या हातगाडीवर. रद्दीवाल्याशी ओळख ठेवा. त्याला किलोचा भाव कळतो, १९५८ कळत नाही. तुम्ही मात्र चेहऱ्यावर काही दाखवू नका.

अंक घरी आणला की आधी सावलीत वारा द्या. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात ठेवलेला कागद संध्याकाळपर्यंत पापडासारखा तुटतो. पानं फाटली असतील तर चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि छपाई सोबत घेऊन निघते. पिना गंजल्या असतील तर हलक्या हातानं काढून दोऱ्यानं शिवा.

जुनं चित्र फोटो काढून सगळ्यांना पाठवलं तर चालतं का?

आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार चित्रावर चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो. ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. मासिक बंद पडलं म्हणून हक्क संपत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा चित्रावर लिहिताना त्याचा वाजवी वापर कायद्याला मान्य आहे. कॅलेंडर छापून विकायला परवानगी लागते. चित्रकाराचे वारस सापडत असतील तर विचारावं. सही मात्र कधीही कापू नका. ओळ झाकायला सांगितली आहे, चित्रकार नाही.

गणपतीत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात अशी स्पर्धा घ्यायची आहे. कशी घ्यावी?

चित्र एकच द्या आणि मोठं द्या. पाच दिलीत तर कुणीच कुठल्याकडे नीट बघत नाही. गावातल्या चित्रकलेच्या शिक्षकांकडून नवं काढून घेतलंत तर हक्काचाही प्रश्न मिटला. त्यांना एवढंच सांगा की एक गोष्ट जागेवरून हललेली हवी आणि एकाच माणसाचं तोंड उघडं हवं. केळीच्या घडाला सलाइन लावलेलं आहे आणि डॉक्टर नाडी बघताहेत, रावेर-यावलकडे याला ओळी कमी पडणार नाहीत.

शब्दांची मर्यादा बारा ठेवा. एका माणसाच्या दोनच ओळी घ्या, नाहीतर एकच उत्साही गृहस्थ पेटी भरून टाकतात. चिठ्ठीवर नाव मागच्या बाजूला लिहायला सांगा, म्हणजे परीक्षकाला सरपंचांच्या मुलाची ओळ कुठली ते कळणार नाही. परीक्षक तीन असावेत आणि त्यातला एक तरी फारसं न हसणारा असावा. शेवटच्या पाच ओळी व्यासपीठावरून वाचायला अशा माणसाला द्या जो वाचताना स्वतः हसत नाही. मग टाळ्यांवर निकाल लावा, पण टाळ्या मोजणारा दुसऱ्या गल्लीतला ठेवा.

प्रवेश फी घेऊ नका. बक्षीस पुस्तकाचं किंवा अंकाचं द्या. आणि न लागलेल्या चिठ्ठ्या फेकू नका, मंडपाच्या कापडावर टाचणीनं लावून ठेवा. आरतीला आलेली माणसं त्या वाचत थांबतात आणि परीक्षकांचं कुठे चुकलं ते प्रसाद घेताना सांगतात.